कॉर्कवाल्याची अहिराणी

माझी बायको इंग्रजीत हसायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. इतक्या सरळ शब्दांत हे कुणाला सांगता येत नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही, कारण तिथे मी इंग्रजीचा शिक्षक, आणि दुसऱ्याच्या बायकोच्या इंग्रजीवर मत देण्याचा मान नेहमी माझा असतो.

इंग्रजीत हसणं म्हणजे काय ते आधी सांगतो. मराठीत ती हसते ती ओढणी तोंडाशी नेऊन, आवाज न करता. माझ्या एखाद्या विनोदाला तर ती नुसती मान हलवते, पोहोच दिल्यासारखी. इंग्रजीत मात्र ती मान मागे टाकून, खुर्ची करकरेल इतकं हसते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं, मी हॉलमध्ये वह्या तपासत बसलेलो असतो आणि ते हसणं दाराखालून बाहेर येतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं हसणं माझ्या वाट्याला कधी आलेलं नाही. मला ते हवं होतं. दुसरं काही मागत नव्हतो मी.

राग यायचं आणखी एक कारण होतं. तिचं इंग्रजी माझ्या हातचं. सटाण्याच्या पुढच्या एका गावातून ती लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा बी.कॉम. झालेली होती, कागदावर इंग्रजी बरं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. मी उघडवलं. ती मेथी निवडायची आणि मी समोर बसून काळ शिकवायचो. तिच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’वर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कॉलेजातल्या एका तुकडीवर घेतली नसेल. मुलाखतीला जाताना तिनं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नोकरी लागली ती घरूनच करायची. परदेशातल्या विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायची. दुपारी सुरू होते, आमच्या जेवणाच्या वेळेला संपते. पगार सांगत नाही. माझ्यापेक्षा जास्त आहे एवढंच, आणि त्याचं मला काही वाटत नाही. खरंच नाही. मला वाटतं ते त्या कॉर्कवाल्याचं.

तिच्या गटात मँचेस्टरकडची एक बाई आहे, एक अमेरिकन आहे आणि आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या खेड्यातला हा गडी. त्यानं उघडलेली फाइल हिनं तपासायची, अशी त्यांची जोडी लावून दिलेली आहे. जोडी हा शब्दसुद्धा तिचाच. नोकरी सांभाळून त्याच्या गाई आहेत, बटाटे आहेत. सटाण्याकडचे कांदे आणि डाळिंबं बघत वाढलेल्या बाईला आणखी काय पाहिजे? त्याच्याकडे पाऊस पडला की हिला इथे नाशकात कळायचं. गाय व्यायली तर वासराचा फोटो यायचा. बायको आहे, तीन पोरं आहेत, असं तिनं मला न विचारता सांगितलं. त्यानं काय होतं? बायको मलाही आहे.

कामाच्या कॉलला ती हेडफोन लावते. गप्पांच्या वेळी कान दुखतात म्हणून काढून ठेवते आणि स्पीकरवर बोलते. त्यामुळे एका संध्याकाळी मला स्पष्ट ऐकू आलं. बाप्याचा आवाज, सावकाश, गाण्यासारखा वरखाली होणारा: “कमिअर टू मी.”

इकडे ये माझ्याकडे! मी लाल पेन खाली ठेवलं आणि थेट दार उघडलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. स्क्रीनवर कुठलासा तक्ता होता, माणूस दिसतच नव्हता. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आवाज बंद केला आणि म्हणाली, “अहो, कॉर्कला तसंच म्हणतात. त्याचा अर्थ ‘ऐक ना’ एवढाच.”

“ऐक ना?” मी म्हणालो. “हे काय कमी आहे?”

आता तुम्हीच सांगा. ‘ऐक ना’ हे माणूस कुणाला म्हणतो? बँकेतल्या कॅशियरला म्हणतो का? मी बाहेर येऊन पुन्हा वह्या ओढल्या आणि त्या दिवशी अर्ध्या वर्गाला दोन-दोन गुण कमी पडले.

मग असे शब्द घरात शिरायलाच लागले. मी नवा शर्ट घालून विचारलं, “कसा दिसतोय?” ती म्हणाली, “ग्रँड.” मी दिवसभर छाती काढून फिरलो. ग्रँड म्हणजे भव्य, दिमाखदार. हे मी स्वतः फळ्यावर लिहिलेलं आहे. आठवडाभराने कळलं की कॉर्ककडे ग्रँड म्हणजे ठीक. बरं. चालेल. चहा हवाय का? नको, ग्रँड. पायावर बादली पडली, लागलं का? नाही, ग्रँड. आता माझा शर्ट यातला नेमका कुठला, हे विचारायची सोय राहिली नाही. एकदा ती त्याला सांगत होती की मी तिला ‘गिव्हिंग आऊट’ करतो. शब्दकोशात त्याचा अर्थ वाटप करणं असा निघाला, तेव्हा मला बरंच वाटलं, की बायको परक्यापाशी आपली दानत सांगते. तिकडे त्याचा अर्थ कटकट करणं. हा शब्द तिला कुणी शिकवला? त्यानंच. माझ्याविषयी बोलायला लागणारे शब्दही तोच पुरवत होता.

सगळ्यात झोंबलं ते ‘हिमसेल्फ’. फोन उचलला की तो विचारायचा, “हाऊ इज हिमसेल्फ?” म्हणजे घरधनी कसे आहेत. तिकडच्या बायका म्हणे नवऱ्याचा उल्लेख असाच करतात, नाव न घेता. “आपल्यात ‘हे’ म्हणतात ना, तस्संच!” ती मला आनंदाने सांगत होती. आपल्या बायका ‘ह्यांना सांगते’, ‘हे आले की विचारते’ असं का म्हणतात, नाव का घेत नाहीत, हे तिनं त्याला समजावून दिलं होतं आणि त्यावर दोघं पोट धरून हसले होते. तो ‘हे’ मी होतो. मला वगळून माझ्यावर हसून झालं होतं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हीही शिका की. शिकलो. मोबाइलवर तसले व्हिडिओ ढिगाने आहेत. कॉलेजला जाताना हेल्मेटच्या आत बडबडत जायचो. गंगापूर रोडच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा विचारलंही, “सर, काय म्हटले?” घरी येऊन मी ठेवणीतला शब्द काढला: रविवारी दुपारनंतर भाजी आणायला जाऊ, यातल्या दुपारनंतरला ‘आर्व्हो’ म्हणालो. ती म्हणाली, “हे ऑस्ट्रेलियाचं आहे ना?” मग हळूच, “छान आहे पण.” हे ‘छान आहे पण’ वर्गातल्या ढ पोराला मी ज्या आवाजात म्हणतो त्याच आवाजातलं होतं. दुसऱ्या खेपेला मी रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणून बघितलं. तो मँचेस्टरवाल्या बाईचा शब्द निघाला. तिकडे संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात, हे बरोबर होतं. पण बायकोनं चहा टाकला.

तिचं मात्र कुठे अडत नव्हतं. मँचेस्टरच्या बाईनं एका फाइलवर ‘क्वाइट गुड’ असा शेरा मारला, अमेरिकन खूश झाला आणि त्यानं ती फाइल पुढे पाठवून दिली. अमेरिकेत तो शाबासकीचा शब्द. बाईच्या लेखी त्याचा अर्थ होता, बरी आहे, अजून हात फिरवा. गोंधळ झाला. तेव्हा माझ्या बायकोनं मध्ये पडून त्या दोघांना एकमेकांचं इंग्रजी समजावून सांगितलं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये दुभाषी कोण, तर मेथी निवडत माझ्याकडे काळ शिकलेली बाई. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. त्या कॉलचं रेकॉर्डिंग तिनं मला ऐकवलं, त्यात कॉर्कवाला तिला म्हणत होता की तुझ्यावाचून आमचं कठीण होतं, आणि मी तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं.

एकदाची व्हिडिओ मीटिंग सुरू झाली आणि मी पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने आत गेलो. टकला निघाला. गाल लाल, पोट सुटलेलं, वयाने माझ्यापेक्षा मोठा. समाधान वाटायला पाहिजे होतं. पण ग्लास टेबलावर ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, तिचं सगळं लक्ष तो टकला काय म्हणतोय याकडे होतं. समाधान बाहेर येईपर्यंत टिकलं नाही.

मग तो शुक्रवार आला. कामात जरा उसंत होती, दार अर्धवट उघडं होतं आणि मी दाराशेजारच्या कपाटात काही शोधत असल्याचं नाटक करत उभा होतो. स्पीकरवरून त्याचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर चाचपत:

“काय करी ऱ्हायनी तू?”

कानांवर विश्वास बसेना. हे इंग्रजी नव्हतं. मराठीही नव्हतं. ही सटाण्याकडची अहिराणी होती, माझ्या बायकोची माहेरची बोली, जी ती फक्त आईशी फोनवर बोलते आणि तेसुद्धा गॅलरीत जाऊन.

“काही नही,” ती म्हणाली. “तू सांग. जेवन व्हयनं का तुनं?”

“व्हयनं!” तो ओरडला आणि दोघं सुटले. तेच हसणं. मान मागे, खुर्चीची करकर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे हसणं इंग्रजी कधीच नव्हतं. ते तिच्या घरचं होतं. तिच्या आईचं, बहिणींचं, अंगणातलं. इतके दिवस मला वाटत होतं की त्यानं तिला काहीतरी नवीन दिलं. तिनंच त्याला तिचं जुनं देऊन टाकलं होतं, आणि त्या जुन्यावर माझा पहिला हक्क होता.

चहाच्या सुट्टीत ती बाहेर आली तेव्हा मी ओट्यापाशीच उभा होतो.

“त्याला अहिराणी कोण शिकवतंय?”

“मी.” तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, हे जास्त लागलं. “शुक्रवारी तो त्याच्याकडचा एक शब्द देतो, मी आमच्याकडचा. डब्लिनची माणसं त्याच्या कॉर्कच्या बोलण्याला हसतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या बोलीलाही हसतात.”

“मी कधी हसलो?”

“तुम्ही नाही हो.”

“मग मला का नाही शिकवलीस? इतक्या वर्षांत एक शब्द?”

ती खरोखरच विचारात पडली. आलं किसायचं थांबवून म्हणाली, “तुमच्याशी कशी बोलणार? तुम्ही जावई.”

मग तिनं सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं घरादाराला ताकीद दिली होती. जावई नाशिकचे, त्यात मास्तर. त्यांच्यासमोर अहिराणी बोलायची नाही, त्यांचा मान राहिला पाहिजे. लहान पोरांनासुद्धा ‘आहे’, ‘नाही’, ‘या’, ‘बसा’ एवढं पढवून ठेवलं होतं. मी गेलो की घराची भाषा बदलायची आणि मी निघालो की परत यायची. मला वाटायचं, ही माणसं मितभाषी आहेत. मला तिथलं शांत वातावरण आवडतं, असंसुद्धा मी चार ठिकाणी सांगितलेलं आहे.

“आणि आमच्या घरात बापालाही तू म्हणतात,” ती म्हणाली. “तुम्हाला तू म्हणू का मी?”

“म्हण.”

“काहीतरीच.”

“म्हण ना. त्याला म्हणतेसच की.”

तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, “तू...” एवढं म्हणाली आणि ओढणी तोंडाशी गेली. ते मिटलेलं, मराठी हसू. “जाऊ द्या हो. तुमच्याशी नाही जमत,” म्हणून ती कप घेऊन आत गेली. तो परका होता, कुणाचा कुणी नव्हता, म्हणून त्याला सगळं मोकळं. मला मान होता.

मग मी जिद्दीलाच पेटलो. बायकोला जमत नसेल तर मी बोलेन; एकदा घरातल्या सगळ्यांसमोर बोललो की ताकीद मोडेल आणि मग तिचंही तोंड उघडेल, असा माझा हिशेब. पुन्हा व्हिडिओ, पुन्हा हेल्मेट. बाथरूममध्ये नळ सोडून ‘शे, शेस, शेतस’, म्हणजे आहे, आहेस, आहेत, असं घोकलं. त्याच्यापेक्षा माझे उच्चार चांगले आहेत, याची मला खात्री पटली होती. मराठी माणसाला अहिराणी किती अवघड असणार?

आखाजीला ती माहेरी गेली. अक्षय तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात, आणि लेकींचा तो हक्काचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी तिला आणायला मागाहून निघालो. पिंपळगावपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांत एसटी अडकून पडली तेव्हाही मी खिडकीकडे तोंड करून वाक्यं म्हणत होतो. चांदवड, देवळा करत सटाण्याला उतरलो, पुढे जीपने गावात पोहोचलो.

अंगणातल्या निंबाला झोका होता. बायकोच्या दोन्ही बहिणी, भावजय, पोरंसोरं, शेजारच्या बायका असा सगळा गोतावळा खाली सतरंजीवर बसलेला. मध्ये आंबे. माझी बायको पाय पसरून, हात कोपरापर्यंत रसाने माखलेले, कसलंसं भरभर सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. फाटकाची कडी वाजली आणि आवाज थांबले. तिनं पाय जवळ घेतले.

मी थेट सासूबाईंसमोर गेलो, नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “कशी शेस, माय? जेवन व्हयनं का तुनं?”

एका चिमुरडीला हसू फुटलं, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. मेहुणा चपला घालून उगाच गोठ्याकडे गेला. मी बायकोकडे बघितलं. ती सतरंजीच्या धाग्याशी खेळत होती, कानापर्यंत लाल. सासूबाई उठल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जपून, एकेक शब्द निवडून म्हणाल्या, “हो, आमचं जेवण झालं आहे. तुम्ही बसा. प्रवासात त्रास झाला नाही ना?” आणि आत बघून, “त्यांना खुर्ची द्या.”

खुर्ची आली. त्या अंगणात ती एकच खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो. बशीसकट चहा आला, आमरसाची वाटी आली. सगळे माझ्याकडे बघून हसरे चेहरे करून बसले, आणि मला तो चहा आणि वाटी निंबाच्या बुंध्यावर फेकून मारावीशी वाटली.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिनं कॉर्कवाल्याला झोका दाखवायचं कबूल केलं होतं. रसाचे हात पुसत तिनं फोन उचलला, तसं टकलं डोकं स्क्रीनवर आलं आणि ओरडलं, “आखाजीना राम राम!”

अंगणात एकच हलकल्लोळ झाला. पोरं फोनवर तुटून पडली, बायका पुढे सरकल्या, मेहुणा गोठ्यातून धावत परत आला. सासूबाईंनी फोन हातात घेतला. त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

“कसा शेस रे भाऊ?” त्या म्हणाल्या. “तुन्या गायी कश्या शेतस?”

“ग्रँड शेतस!” तो म्हणाला आणि माझी बायको मान मागे टाकून हसली. मी पहिल्यांदाच ते इतक्या जवळून बघत होतो. दात दिसत होते, डोळे मिटले होते, गळ्याची शीर उठली होती. फार सुंदर दिसत होती ती. माझ्यापासून चार हातांवर होती आणि माझ्याकडे तिची पाठही नव्हती, तोंडही नव्हतं.

बऱ्याच वेळाने सासूबाईंच्या लक्षात आलं की जावई बसले आहेत. त्यांनी घाईने फोन लेकीकडे दिला, पदर सावरला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. मी रिकामी कपबशी पुढे केली आणि म्हणालो, “चहा छान झाला होता.”

सासूबाई म्हणाल्या, “धन्यवाद.”